आराखड्याच्या आधी



हल्ली गावाचं भवितव्य आराखड्यात ठरतं. रस्ता, बंदर, प्रकल्प सगळं मंजूर झालं की मग आम्हा कलावंतांना बोलावणं येतं. पुलाच्या खांबांवर चार वारली चित्रं काढा, उद्घाटनाला स्वागतगीत बसवा. (वारली डहाणू-पालघरकडची, पण खांबाला त्याचं काय!) माझी तक्रार आहे ती या उशिराची.

याच रत्नागिरी शहरात एकदा उलटं घडलं. सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र दर्शन घेता यावं म्हणून भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं. पण इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचं अस्पृश्यतेवरचं ‘संगीत उःशाप’ १९२७ सालीच रंगभूमीवर आलं होतं. नाटकामुळे देऊळ झालं, असं मी म्हणणार नाही. त्यामागे सहभोजनं होती, सनातन्यांशी भांडणं होती. सावरकरांच्या राजकारणाविषयी या सभागृहात दोन मतं असतील, तीही असू देत. पण गाभाऱ्यात जे व्हायचं होतं, त्याची गोष्ट चार वर्षं आधी रंगमंचावर आली होती.

आता आपल्या सड्यांकडे, म्हणजे कातळाच्या पठारांकडे या. सातबाऱ्यावर यातली कितीतरी जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून लागलेली. त्याच जांभ्यावर उक्षीला हत्ती कोरलाय, कशेळीला तर त्याहून अवाढव्य. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं उन्हातान्हात सडे तुडवत फिरली म्हणून ही कातळशिल्पं आपल्याला कळली. २०२२ साली कोकणपट्ट्यातली नऊ स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात बारसू आहे, आणि तिथल्याच प्रस्तावित रिफायनरीवरून २०२३ मध्ये रान पेटलं. प्रकल्प हवा की नको, याचं मतदान मला इथे घ्यायचं नाही. पण दोन्ही बाजूंकडे अहवाल होते, आकडे होते. २०५० सालचं बारसू डोळ्यांपुढे उभं करणारं चित्र किंवा नाटक किती जणांनी पाहिलं?

अशी चित्रं काढता येतात. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात वाढलेले चित्रकार प्रभाकर पाचपुते कोळशानेच चित्रं काढतात. जमीन पोखरली की तिच्यावर जगणाऱ्या माणसाचं काय होतं, हे त्यांच्या भिंतभर रेखाटनांत दिसतं. आपल्याकडे तर नमनासारखं लोकनाट्य आहे. गण-गवळण होते, उंच टोपीचा संकासूर पोरांना पळवून लावतो आणि वग सुरू होतो. राजा प्रधानाला राज्याची हालहवाल विचारतो, प्रधान गावच्या फुटक्या नळयोजनेवर घसरतो, आणि पुढच्या रांगेतल्या सरपंचांनाही हसावंच लागतं. एवढी मोकळीक कुठल्या जनसुनावणीत मिळते?

म्हणून नमन मंडळांना आणि सावर्डे-देवरुखला चित्रकला शिकणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. येत्या शिमग्याला एक वग आपल्याच वाडीचा बसवा, २०५० सालातला. विहिरीला पाणी किती, आंबा कधी मोहरतो, शाळेचा पट किती, चाकरमान्यांची किती घरं कुलपात, सगळं येऊ द्या. पडदे मुलांनी रंगवावेत. आणि तो वग ग्रामसभेपुढे करा, आराखडा मंजूर व्हायच्या आधी. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा.