पुलांची आकाशातून पाहणी

(पुणे येथील बुधवार पेठेत सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या बुधवार पेठेतून थोडे चालत गेले की मुठेवरील शिवाजी पूल लागतो. १९२३ सालचा हा दगडी पूल पुणेकरांच्या तोंडी अजूनही 'नवा पूल'च आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तो महापूरही त्याने सोसला. परंतु प्रत्येक पुलाचे भाग्य असे नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या.

रस्त्यावरून पूल धडधाकट दिसतो; दुखणे बहुधा खाली असते. तुळयांची खालची बाजू, बेअरिंगे, कमानींचे सांधे पाहण्यासाठी शिडी, होडी वा यांत्रिक पाळणा लागतो. पाळणा लावला की वाहतूक अडते. हे काम आता ड्रोनवरील कॅमेरा सुलभ करतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर त्याच जागेची छायाचित्रे घेऊन शेजारी ठेवली, की चीर वाढली काय, सळई उघडी पडली काय, हे अभियंत्यास ताडता येते.

तथापि या साधनास मर्यादा आहेत. गढूळ पाण्याखाली प्रवाहाने पायाभोवतीची माती खरवडली असल्यास ते आकाशातून दिसत नाही. तेथे पाणबुड्या वा ध्वनिलहरींचे यंत्रच हवे. हातोडीच्या ठोक्याने कळणारा पोकळपणाही छायाचित्रात उमटत नाही. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरील लाल व पिवळ्या क्षेत्रांत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. विमानतळाजवळच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणि दोष दिसला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे आधीच लागला होता. उणीव माहितीची नव्हती, अंमलाची होती.

म्हणून माझी विनंती आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील पुलांचा पाहणी-अहवाल मागवून ग्रामसभेत वाचावा. पूल बंद केल्याचा आदेश निघताच त्याच दिवशी अडथळा उभारावा. पाणी पुलावरून वाहत असता ओलांडू नये, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. कॅमेरा आकाशातून पाहील. पण वाट अडवण्याचे काम जमिनीवरच्या माणसांनाच करावयाचे आहे.