बंदरावरील बारा छायाचित्रे
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आमचा छंद जुन्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्याचा, आणि त्याचे क्षेत्र मुंबईचा ससून डॉक. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत आजही पहाटे मासळी उतरते.

कॅमेरा आमच्या तीर्थरूपांचा, यशिका-मॅट. १९५७ साली प्रथम निघालेल्या या कॅमेऱ्यास दोन भिंगे असतात : वरचे पाहण्यासाठी, खालचे चित्र घेण्यासाठी. फिल्मच्या एका गुंडाळीवर चित्रे अवघी बारा. मान खाली घालून काचेवर पाहावे, तो उजवीकडची होडी डावीकडे दिसते! नवशिक्याची तारांबळ उडते खरी. परंतु बाराच चित्रे असल्यामुळे माणूस आधी पाहावयास शिकतो. निरभ्र उन्हात भिंगाचे छिद्र सोळावर व झडपेचा वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर ठेवला की शंभराच्या फिल्मवर काम भागते. पहाटेच्या अंधुक उजेडात मात्र छिद्र पूर्ण उघडून, खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून उभे राहावे लागते. घरी परतताच खारे तुषार पुसून काढावेत. मीठ यंत्राचे वैरी आहे.

परवानगी काढून आम्ही तेथे जात असू. एकदा कोलंबी सोलीत बसलेल्या एका बाई म्हणाल्या, “दादा, दर वेळी आमची तोंडं घेऊन जातोस, एक तरी आणून दिलंस का?” आम्ही निरुत्तर झालो. त्यांच्याच एका चित्राबद्दल आम्ही चारचौघांत शाबासकीही मिळविली होती!

प्रती काढून घेऊन गेलो, तो जून लागलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मचवे नांगरलेले, कोलंबीच्या राशींची जागा रिकामी. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा बाई भेटल्या. हात लुगड्याला कोरडे पुसून त्यांनी चित्र घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “हिचे गुडघे गेले, आता येत नाही. हा तिला देते. मला दुसरा आण.”

ती दुसरी प्रत आम्ही आठवड्याच्या आत पोहोचती केली. कोणत्याही शाबासकीपेक्षा ती मागणी आम्हांस मोठी वाटली.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत वडीलधाऱ्यांचे असे कॅमेरे पडून असतील. तरुण मंडळींनी ते बाहेर काढावेत. फिल्म महाग झाली असली तरी आजही मिळते. मात्र ज्यांच्या कष्टांचे चित्र आपण घेतो, त्यांच्या हाती प्रत पडेपर्यंत ते पुरे झाले असे मानू नये.