दारापुढची साडेचार फूट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला, पण बँकेवर नको." मी विषय विचारला, तर म्हणाले, घर सजावट. माझं वय चौऱ्याहत्तर. घर सजावटीतलं मला जे काही कळतं ते दारापाशी सुरू होतं आणि दारापाशीच संपतं. आत हिचं राज्य आहे. म्हणून आज फक्त दाराविषयी बोलतो. लहान घराचं दार आणि त्याच्या पुढची साडेचार फुटांची जागा, एवढाच विषय.

बँकेवर बोलायचं नाही असं ठरलंय, तरी सुरुवात तिथूनच करावी लागते. १९७३ साली मी नोकरीला लागलो. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, आपण ठाणे जिल्ह्यात होतो. आपला जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. सुरुवातीची काही वर्षं मी जंगलपट्टीतल्या एका छोट्या शाखेत काढली. शाखेला लोखंडी सरकतं दार होतं आणि त्याला आतून साखळी. एकावेळी एकच माणूस, तोही अंग चोरून आत येईल एवढीच फट. बाजाराच्या दिवशी आदिवासी खातेदार यायचे, चपला बाहेर काढायचे आणि उन्हात उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, शिस्तीचे लोक आहेत. एकदा आमच्या शिपायाने कुणाला न विचारता बाहेर सावलीत एक बाकडं टाकलं आणि पाण्याचा माठ ठेवला. त्यानंतर लोक बसायला लागले, बोलायला लागले, फॉर्म कसा भरायचा ते विचारायला लागले. आत काउंटरवर आम्ही काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते दारापुढचं. दार माणसाशी आधी बोलतं, आपण नंतर बोलतो, हे मी त्या शिपायाकडून शिकलो. आणि मग पुढे विसरलो. कसा विसरलो ते सांगणारच आहे.

आपल्याकडे दाराला पूर्वीपासून मान आहे. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असा आहे. जुन्या घरात उंबरठा चांगला वीतभर उंच असायचा. पावसाचं पाणी, सरपटणारं जनावर बाहेर राहावं आणि रांगतं मूल आत राहावं, असा त्याचा सरळ उपयोग. नवी सून माप ओलांडते ती तिथेच. आपल्या कोकणपट्टीत दसऱ्याला किंवा कोजागिरीच्या सुमारास दाराला 'नवं' बांधतात. आंब्याची पानं, झेंडू आणि त्यात नव्या भाताच्या लोंब्या. शेतातलं पीक घरात शिरायच्या आधी दारावर येतं. आणि आपल्या शेजारच्या डहाणू-तलासरीकडे वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात, तो गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. हे काम मुळात बायकांचं. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नापुरती न ठेवता रोजची केली, कागदावर-कापडावर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती जणांच्या दाराशेजारी वारली चित्राचं छापील स्टिकर आहे! छानच दिसतं. पण स्टिकर सोलून गेलं की पुढचं चित्र इथल्याच एखाद्या कलाकाराकडून हाताने काढलेलं घ्या, एवढं सुचवतो. फूटभराची पाटीही पुरते.

आता माझी गोष्ट.

२००८ साली मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या दारासमोरच्या शेजाऱ्यांनी पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवला होता. लोखंडी, गंजलेला, वर प्लास्टिकचा कागद. मला तो रोज दार उघडलं की दिसायचा. पॅसेज सामाईक जागा आहे, तिथे कुणी सामान ठेवू नये, हे उपविधीत आहे आणि ते योग्यच आहे. मी नोटीस काढली. जावक क्रमांक घालून, सात दिवसांची मुदत देऊन. तोंडी एक शब्द बोललो नाही. दोन पावलं चालून बेल वाजवता आली असती, पण मी वॉचमनच्या हाती सही घेऊन नोटीस पाठवली.

वहिनी दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "काका, एकदा विचारायचं तरी."

सातव्या दिवशी स्टँड गेला. त्याबरोबर आमचं बोलणंही गेलं. नऊ वर्षं. जिन्यात भेटलो तर ते वर बघायचे, मी किल्ल्या चाचपायचो. दिवाळीचा फराळ हिच्या हातून जायचा आणि त्यांच्याकडून यायचा, तेवढंच.

२०११ला मी निवृत्त झालो. सेक्रेटरीपद त्याआधीच सोडलं होतं. हातात वेळ होता, म्हटलं घराचं दार जरा सजवू. सुतार बोलावून सागवानी कपाट करून घेतलं. खाली चपला, वर पितळी घंगाळ, त्यात मनी प्लांट. चौदा इंच खोल. आणि ठेवलं कुठे? पॅसेजमध्ये! माझ्या मनात असं की हे काही सामान नाही, ही सजावट आहे. येणारा-जाणारा कौतुक करायचा. समोरच्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. नियम तोच, पॅसेज तोच, फक्त कपाट माझं होतं.

२०१७च्या जुलैमध्ये, रात्री दीडच्या सुमारास, बाहेर धो धो पाऊस, ही बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स आली, दोन मुलं स्ट्रेचर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढली. लिफ्ट आपल्याकडे नाही, तुम्हाला माहीतच आहे. स्ट्रेचर दारातून बाहेर काढून जिन्याकडे वळवायचं, तर वळेना. पॅसेज साडेचार फूट, म्हणजे चोपन्न इंच. त्यातले चौदा इंच माझ्या सजावटीने खाल्लेले. राहिले चाळीस. ही वेदनेने कण्हत होती आणि मी सागवानी कपाट ढकलत होतो. ते हलेना. घंगाळ मात्र पडलं, पाणी आणि माती सगळीकडे.

समोरचं दार उघडलं. शेजारी बनियनवर बाहेर आले. काही विचारलं नाही. एका मुलाला हाताशी घेतलं, कपाट चपलांसकट उचललं आणि सरळ आपल्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. मग स्ट्रेचरचा एक कोपरा धरून तीन मजले उतरले आणि ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारी बसले. सकाळी त्यांची पहिली पाळी होती, ती चुकली. हॉस्पिटलच्या बाकावर मी त्यांना शेवटी विचारलं, जे २००८ला विचारायला हवं होतं: "तेव्हा तो स्टँड बाहेर का ठेवला होता?"

ते म्हणाले, "कंपनीत केमिकलचं काम. सेफ्टी शूज घरात आणले की वास सुटायचा. धाकटीला दमा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बूट आत नकोत."

मंडळी, आपण एमआयडीसीच्या कुशीत राहतो. इथे दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी असे बूट घालून येतो. हे मला सुचू नये? आणि वर, उपाय होता. हिला घरी आणल्यावर आम्ही दोघांनी मिळून तो केला. त्यांच्या मोरीच्या बाजूच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये जाळीचा छोटा कप्पा करून घेतला. बूट वाऱ्यावर, पॅसेजही मोकळा. खर्च किरकोळ आला. नोटिशीत तो उपाय नव्हता, कारण नोटीस लिहिणाऱ्याने प्रश्नच विचारला नव्हता.

दहा दिवसांनी ही घरी आली तेव्हा दारापुढे रांगोळी होती आणि दाराच्या आत एक लाकडी स्टूल. वहिनींनी ठेवलेलं. "काकू, चप्पल बसून काढायची आता." तेच स्टूल अजून आहे. आमच्या घरातली सगळ्यात कामाची सजावट तीच.

तेव्हापासून मी दाराकडे वेगळ्या नजरेने बघतो. अनुभवातून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

पहिली, आधी काढा, मग लावा. पॅसेज पूर्ण मोकळा. सायकल, जुनी कुंडी, रद्दी, काही नको. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा आपण सगळे रात्री कसे जिन्याने पळायचो ते आठवा. बाहेर पडायची वाट तीच, पाहुणा यायची वाटही तीच.

दुसरी, चपला दाराच्या आत. भिंतीला लागून बसणारी, तिरक्या कप्प्यांची उभी कपाटं मिळतात, सात-आठ इंच खोलीची. रोजचे जोड तेवढे तिथे, सणासुदीचे पलंगाखाली. आपल्या पावसात बंद कपाटात चपलांना बुरशी येते, म्हणून जाळीचं किंवा भोकांचं दार घ्या. ओल्या छत्र्यांसाठी एक साधी बादली पुरते. पायपुसणं काथ्याचं, आणि ते सरकणारं नको. आमच्या वयाला सरकतं पायपुसणं म्हणजे हॉस्पिटलचं आमंत्रण. आमचा दीड इंचाचा उंबरठा हिच्या वॉकरसाठी सिमेंटचा उतार करून घेतला. उंबरठ्याचा मान कमी झाला नाही, रांगोळी त्या उतारावरही निघते.

तिसरी, उजेड. दारावर पाच वॉटचा एलईडी दिवा संध्याकाळी पाच तास लावला, तर महिन्याला पाऊण युनिट वीज लागते. हिशेब मी केलाय, बँकेची सवय. पाऊण युनिटात येणाऱ्याला पायरी दिसते, किल्लीचं भोक दिसतं, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या शेजाऱ्यालाही कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

चौथी, शोभेची वस्तू एकच, पण जिवंत. प्लास्टिकचं तोरण वर्षभर धूळ खातं. त्यापेक्षा सणाला आंब्याची पानं बांधा आणि वाळली की उतरवा. तुळस उन्हाशिवाय टिकत नाही, पॅसेजच्या अंधारात तिला छळू नका, खिडकीत ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला मनी प्लांट चालतो, पण पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डास. पितळेची पाटी आपल्या हवेत लवकर काळी पडते, घासायची तयारी असेल तरच लावा. आणि पाटीवर घरातल्या बाईचंही नाव घाला. आमच्या पाटीवर चौदा वर्षं माझं एकट्याचं होतं, पुढे पदवी आणि बँकेचा हुद्दासुद्धा. आता दोघांची नावं आहेत, हिचं वर. हुद्दा काढला. निवृत्त माणसाचा हुद्दा पोस्टमनलाही लागत नाही.

शेवटी एक काम उरलं आहे, आणि ते पंचवीस वर्षांच्या या सोहळ्यात सगळ्यांसमोर करायचं म्हणूनच मी भाषणाला हो म्हटलं.

२००८च्या त्या नोटिशीची ऑफिस कॉपी अजून सोसायटीच्या फाईलमध्ये आहे. मागच्या आठवड्यात सेक्रेटरींकडून फाईल मागून मी ती पाहिली. भाषा बिनचूक आहे. नियमाचा आधार बरोबर आहे. तरी ती चुकीची आहे. ज्या घराला ती गेली ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. धाकटीसुद्धा आली आहे, आता स्वतः नोकरी करते. वहिनी, भाऊ, मी तुमची माफी मागतो. नोटीस लेखी होती, म्हणून माफीही लेखी हवी. हे भाषण स्मरणिकेत छापायला देतोय, ते त्यासाठीच.

नव्या कार्यकारिणीला एक विनंती. पॅसेज मोकळा ठेवायचा नियम पाळाच, त्यात सूट नको, माझ्यासारख्याला तर मुळीच नको. पण कागद पाठवायच्या आधी बेल वाजवा. आत बोलावलं तर बसा, चहा घ्या, आणि "बाहेर का ठेवलंय" एवढं विचारा.

बाकी आमचं सागवानी कपाट अजून समोरच्यांच्या हॉलमध्येच आहे. आता त्यात धाकटीची पुस्तकं असतात. मी परत मागितलं नाही. ही म्हणते, "तिथेच शोभतं."

आमच्याकडे कधीही या. चपला कुठे काढायच्या ते विचारावं लागणार नाही, आणि बसायला स्टूल आहे.