स्वस्त फळी आणि ग्रंथांचें ओझें

खेडेगांवच्या वाचनालयांत किंवा सामान्य गृहस्थाच्या घरीं पुस्तकांचें कपाट पाहिलें, तर एक गोष्ट बहुधा नजरेस येते. मधल्या फळीला झोळ पडलेला असतो आणि दोन्ही बाजूंचीं पुस्तकें त्या झोळाकडे कललेलीं असतात. याचा दोष लाकडाच्या स्वस्तपणाला दिला जातो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. ज्याला सागवान घेण्याची ऐपत नाहीं, त्यालाही सरळ राहणारें कपाट करतां येतें. मात्र फळी कां वाकते, हें त्यानें आधीं समजून घेतलें पाहिजे.

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. वाकलेल्या फळीवर पुस्तक ताठ उभें राहत नाहीं. तें तिरपें होतें, पानांचें वजन पुठ्ठ्याला लोंबतें, शिवण सैल पडते आणि अखेर बांधणी सुटते. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यानंतर अनुदानावर चालणारीं लहान वाचनालयें गांवोगांव निघालीं. त्यांपैकीं पुष्कळांना वर्षाकांठीं थोडींच नवीं पुस्तकें घेतां येतात. ज्या पुस्तकाची आवृत्ति संपली, तें तर पैसे देऊनही मिळत नाहीं. अशा ठिकाणीं फळीवर वांचविलेले चार पैसे पुस्तकांच्या रूपानें दामदुपटीनें द्यावे लागतात.

प्रथम ओझ्याचा विचार करावा. सामान्य आकाराचीं पुस्तकें उभीं लावलीं, तर एक फूट लांबींत सुमारें ८ ते १० किलो वजन बसतें. म्हणजे चार फुटी फळीवर ३० ते ४० किलो झाले. एवढ्या वजनाचें मूल फळीवर घटकाभर बसलें, तर फळी किंचित् लवेल आणि मूल उतरतांच पुन्हां सरळ होईल. पुस्तकें मात्र उतरत नाहींत. अहोरात्र भार सोसणारें लाकूड वर्षानुवर्षें हळूहळू लवत जातें आणि मग भार काढला तरी पूर्ववत् होत नाहीं.

लांबीचा परिणाम तर विलक्षण आहे. जाडी तीच, पुस्तकेंही तशींच दाटीनें लावलेलीं. परंतु दोन आधारांमधील अंतर दुप्पट केलें, तर झोळ दुप्पट न होतां सोळापट होतो. उलट, चार फुटी फळीच्या मधोमध एक टेकू दिला, तर झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. जाडी दुप्पट केल्यास तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पैसे थोडे असतील, तर जाड फळी घेण्यापूर्वीं टेकू द्यावा. टेकू मात्र प्रत्येक खणांत एकाखालीं एक असावेत. नाहीं तर वरचा सारा भार खालच्या फळीच्या मध्यावरच येतो. सहा सूत जाडीच्या लाकडी फळीला अथवा प्लायवूडला अडीच फुटांवर, आणि भुश्श्याच्या पार्टिकल बोर्डाला दोन फुटांवर आधार असावा.

टेकू नको असेल, तर दुसरा उपाय पट्टीचा. फळीच्या दर्शनी कडेला दोन इंच उंचीची, सहा सूत जाडीची लाकडी पट्टी उभी धरून सरसानें व स्क्रूनें पक्की बसवावी. ही लहानशी पट्टी उभी असल्यामुळें त्याच जाडीच्या दहा इंच रुंद आडव्या फळीहूनही अधिक ताठ असते. कपाटाची पाठ चांगल्या प्लायवूडची करून तींतून फळीच्या मागच्या कडेंत स्क्रू मारले, तर मागूनही आधार मिळतो आणि कपाट एका अंगाला कलत नाहीं.

झोळ निराळा आणि पीळ निराळा. झोळ ओझ्यानें पडतो, पीळ ओलाव्यानें. लाकूड दमट हवेंत फुगतें व कोरड्या हवेंत आटतें. परंतु हा फेरफार लांबींत जवळजवळ नसतो, रुंदींत असतो. फळीच्या वरच्या अंगाला रंग दिला आणि खालचें अंग कोरें ठेवलें, तर पावसाळ्यांत खालचें अंग अधिक ओल शोषून फुगतें आणि फळी पन्हळीसारखी वांकडी होते. म्हणून रंग किंवा रोगण दोन्ही अंगांस व चारी कडांस सारखेंच द्यावें. ओलें लाकूड स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. पार्टिकल बोर्डाच्या उघड्या कडा तर अवश्य बंद कराव्या. पाणी पिऊन फुगलेला तो बोर्ड वाळला तरी मूळ स्थितीस येत नाहीं. कोंकणांत कपाट भिंतीला टेकवूं नये. दोन-तीन इंच जागा सोडून तें ठोकळ्यांवर उभें करावें, म्हणजे हवा खेळते आणि वाळवी चढूं लागल्यास वेळींच दिसते.

मांडणींतही शहाणपण आहे. जाडजूड कोश व बांधीव मासिकें खालच्या खणांत, आणि तींही आधारांच्या जवळ ठेवावीं. मध्यभागीं हलकीं पुस्तकें असावीं. दसऱ्याच्या साफसफाईंत फळीच्या दर्शनी कडेवर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरा ताणून पाहावा. मध्यें एका सुताहून अधिक अंतर दिसलें, तर फळी लवूं लागली असें समजावें. ती सुटी असेल तर उलटी करून ठेवावी. परंतु हा तात्पुरता उपाय होय. टेकू किंवा पट्टी दिल्यावांचून रोग जात नाहीं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पांच सूत्रांपैकीं शेवटचें सूत्र ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असें सांगतें. अर्धी रिकामी असलेली फळी उद्यां भरणारच. म्हणून कपाट करवून घेणाऱ्यानें सुताराला आजच्या पुस्तकांचा नव्हे, भरलेल्या फळीचा हिशेब सांगावा. एक टेकू आणि दोन हात लांबीची एक पट्टी, एवढाच काय तो जास्तीचा खर्च. आणि तेवढ्यानें आंब्याच्या किंवा खोक्याच्या लाकडाचें कपाटही पुढच्या पिढीच्या हातीं तीं पुस्तकें धड स्थितींत देऊं शकतें.