आराखडा कोण लिहिणार?

(पुसद येथे आजूबाजूच्या गावांच्या वनहक्क समित्यांची बैठक झाली. तिथे झालेले हे भाषण ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. गावात चार माणसे जमवून मोठ्याने वाचावे.)



इथं तीन तऱ्हेची गावं बसली आहेत. काहींचा सामूहिक वनहक्क मंजूर झाला. काहींचे दावे उपविभागीय समितीत पडून आहेत. काहींनी अजून दावाच भरलेला नाही. तिघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या जंगलाचं आणि गावाचं पुढं काय करायचं, त्याचा आराखडा गावानं स्वतः बसून करायचा. दुसऱ्यानं करून दिलेल्या आराखड्यावर अंगठा मारला, तर मिळालेला हक्क कागदावर राहतो आणि जंगल पुन्हा दुसऱ्याच्या हातात जातं.

हे मी माझ्याच चुकीवरून सांगतो आहे. गावाचं नाव घेत नाही. तिथला दावा मंजूर झाला, आम्ही गुलाल उधळला. मग निरोप आला की योजनेचा पैसा पाहिजे असेल तर आठ दिवसांत आराखडा द्या. दिवाळी होऊन गेलेली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. मी काय केलं? इथं पुसदला खोलीवर बसलो, दुसऱ्या गावाचा आराखडा समोर ठेवला आणि एका रात्रीत पानं भरली. गावाचं नाव बदललं, हेक्टर बदलले. सकाळी गावात जाऊन सह्या-अंगठे घेतले. चांगलं काम केलं असंच मला वाटत होतं.

त्या आराखड्यात नाल्याच्या वरची मोकळी जागा मी 'पडीत' लिहिली आणि तिथं रोपवन दाखवलं. त्या पडीत जागेवर गावातल्या आणि बाजूच्या तांड्यावरच्या शेळ्या चरत होत्या. कुंपण पडलं. उन्हाळ्यात माणसं ऊसतोडीवरून परत आली, तर शेळ्या न्यायला जागा नाही. गावाला वाटलं तांड्यानं कुंपण तोडलं, तांड्याला वाटलं गावानं आपल्याला हाकललं. पाऊस पडायच्या आत रोपंही गेली आणि शेजारधर्मही गेला. एक म्हातारी बाई मला म्हणाली, "भाऊ, थो कागद तुमचा हाये. आमाले कोनं इचारलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आजवर सरकारनं आणि खात्यानं आपल्याशी जे केलं, तेच मी केलं होतं. इसापूरचं धरण पैनगंगेवर झालं. कोणतं शिवार पाण्याखाली जाणार, हे नकाशावर ठरलं, गावच्या पारावर ठरलं नाही. उमरखेडकडं पैनगंगा अभयारण्य झालं, तेव्हाही तसंच. आपल्या तालुक्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात पंचायत राज्य आलं ते ज्या समितीच्या अहवालावरून, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक, आपल्याच गहुलीचे. १९६१ साली अहवाल आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या रचनेत मोठं बळ जिल्ह्याला मिळालं. ग्रामसभा मात्र बरीच वर्षं वर्षाकाठी रजिस्टरवर सह्या करण्यापुरतीच राहिली. सत्ता मुंबईहून यवतमाळपर्यंत आली, पुढं पारापर्यंतची वाट आपल्याला चालायची आहे.

त्यासाठी कायदा काय देतो ते पाहू. आपल्यातले काही जण म्हणतात, पुसद तालुका पेसात नाही, मग आपल्या ग्रामसभेला कोण विचारतो? पेसा जिल्ह्यात केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या भागांतल्या गावांना आहे, हे खरं. पण २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. जंगलावर जगणारं गाव जिथं आहे, तिथं तो लागू आहे. त्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ बाया-माणसं. सरपंच आणि सात सदस्य म्हणजे ग्रामसभा नव्हे. कलम ५ प्रमाणे जंगल, वन्यजीव, पाण्याचे झरे-नाले राखण्याचा आणि जंगलात काय चालेल, काय चालणार नाही हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. नियम ४ प्रमाणे ग्रामसभा आपली समिती नेमते आणि ती समिती आराखडा करते. वनखात्याच्या आराखड्याशी त्याचा मेळ घालायचा आहे, पण मूळ आराखडा गावाचा. समिती चुकली तर ग्रामसभा तिला आवरते. जुन्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीत सचिव खात्याचा माणूस असायचा. तीच समिती नाव बदलून इथं बसवू देऊ नका.

२०१२ साली नियम बदलले तेव्हापासून सभेला गावातले निम्मे तरी प्रौढ पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. ही अट अडचण समजू नका. पाच-दहा जणांनी सगळ्या गावाचं ठरवून टाकू नये, म्हणून ती आहे. माझ्या त्या आराखड्याला ही अट लावली असती तर तो पहिल्याच दिवशी पडला असता, आणि बरंच झालं असतं.

आता ज्यांनी हे करून दाखवलं त्यांच्याकडं पाहू. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहान गाव आहे. २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या वर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. लोकांना बांबूचे पैसे दिसतात. पण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं ते गाव बसून बोलत होतं, ते कोणाला दिसत नाही. त्यांनी अभ्यासगट केले. प्रश्न घेऊन बसायचं, बाहेरच्या जाणत्या माणसाला बोलवायचं, पण ठरवायचं गावानं. हात वर करून बहुमत मोजायचं नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलायचं, एकाचं जरी मन खात असेल तर विषय पुढच्या सभेला. बहुमतानं हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जातो. ज्याचं ऐकून घेतलं तो जंगल राखतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्ता तोडायचंच बंद केलं. पत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते, टेंभरं खायला मिळत नाहीत, असा त्यांनी हिशेब मांडला. बांबूतून मजुरी काढायची असं ठरवलं आणि जंगलाचा एक भाग देवराई म्हणून अजिबात न तोडता ठेवला. तुम्हीही पत्ता बंद करा असं मी म्हणत नाही. आपल्याकडं कित्येक घरांचं उन्हाळ्यातलं मीठ-मिरची पत्त्यावर चालतं. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरनं उजाड जंगल राखलं, मोकळी चराई थांबवली आणि सीताफळं स्वतः बाजारात नेली. तीन गावं, तीन वेगळे आराखडे. एकाचा उतारा दुसऱ्याला चालला नसता. मी जो केला तो उताराच होता.

मग आपल्या गावात करायचं कसं?

पहिलं, आधी शिव फिरा. नकाशा हातात घेऊन, दोन दिवस, तीन दिवस. सोबत गुराखी पाहिजे, सरपण आणणारी बाई पाहिजे, मोहफुलं वेचणारी पाहिजे, जुना जाणता म्हातारा पाहिजे. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, चारोळी कुठं उरली, बिबा कुठं आहे, घाणेरी कुठपर्यंत वाढली, वणवा कोणत्या बाजूनं येतो, हे त्यांना ठाऊक असतं. ई-क्लासची जमीन कुठं संपते आणि वनाची कुठं सुरू होते, तेही तिथंच लिहून घ्या. 'पडीत' हा शब्द कोणी उच्चारला की विचारा, इथं कोण येतं, काय नेतं?

दुसरं, सभेआधी टोळी-टोळीनं बसा. बाया वेगळ्या, गुराखी वेगळे, भूमिहीन वेगळे, पोरं वेगळी. मोठ्या सभेत सासऱ्यासमोर सून बोलत नाही, हे आपल्या घरातलंच आहे. सरपणाला किती लांब जावं लागतं, हे पुरुषांच्या आराखड्यात कधीच येत नाही. बायांच्या बैठकीत पहिलं वाक्य तेच येतं.

तिसरं, तांड्याला आणि वस्तीला सोडून बसू नका. आपल्या भागात आंध आहेत, गोंड आहेत, बंजारा आहेत, बाकीचेही आहेत. वैयक्तिक दाव्यासाठी आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवायचा असतो. बाकीच्यांना त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. तांड्यावरच्या माणसाला ती अट जड जाते, त्याचा राग आपल्यावर निघतो. पण सामूहिक जंगलाचे नियम ठरवताना त्याची शेळी आणि आपली शेळी एकाच उतारावर चरते. त्याला बाहेर ठेवून केलेला नियम पाळायला आपण रोज रात्री पहारा देणार आहोत का?

चौथं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, तारीख आपण ठरवायची. २६ जानेवारीच्या सभेला आपलं गाव उसाच्या फडात असतं. १ मेला पत्ता तोडायला पहाटेच गेलेलं असतं. त्या सभा होऊ द्या, पण आराखडा त्या दिवशी मंजूर करू नका. माणसं घरी असतात ते दिवस धरा: पोळ्याच्या मागंपुढं, किंवा दिवाळीआधी मुकादम उचल वाटायला येतो त्याच्या आत.

इथं जरा थांबतो. उचल घेतली की माणूस पाच-सहा महिने बांधला गेला, पोरांची शाळा सुटली. आराखड्यात बांधबंदिस्ती, चर खोदणं, घाणेरी काढणं ही कामं असतातच. ती रोजगार हमीत घ्यायची.  पण काम फेब्रुवारीत निघालं तर कोणाच्या कामाचं? मजूर फडात, काम गावात. म्हणून कामाची मागणी लेखी द्या, तारखेची पोच घ्या आणि दिवाळी झाल्याबरोबर काम सुरू झालं पाहिजे असं आराखड्यातच लिहा. चार घरं जरी यंदा ऊसतोडीला गेली नाहीत, तरी त्या आराखड्यानं काहीतरी केलं. सामूहिक जंगलाचा आराखडा आणि घरच्या चुलीचा आराखडा वेगळा नाही.

पाचवं, आपल्या भाषेत लिहा. शाळा शिकलेल्या पोरापोरींना लिहायला बसवा, वही चालेल. मग सभेत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. वाचताना कोणाला समजलं नाही तर ती ओळ बदला. मूळ वही गावात ठेवा, कार्यालयाला प्रत द्या, पोच घ्या.

तयार फाइल घेऊन कोणी आलं तर भांडू नका, चहा पाजा आणि सांगा, ठेवून जा, आम्ही वाचतो, सभेत मांडतो. घाईची सही द्यायची नाही. कोणी म्हणेल पैसा परत जाईल. जाऊ द्या. पैसा पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतो. चुकीच्या जागी पडलेलं कुंपण मात्र दोन वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतं. हे आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनाही लागू आहे. आम्ही लिहून आणलं तरी हेच उत्तर द्या.

लहान गावाचं कोण ऐकतो, असं वाटत असेल तर ओडिशाची नियमगिरी आठवा. डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न होता. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ग्रामसभांना विचारा. सरकारनं निवडल्या फक्त बारा ग्रामसभा, लहान लहान वस्त्या. बाराच्या बारांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. काय राखायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

त्या म्हातारीच्या गावात आम्ही आता पुन्हा बसतो आहोत. या खेपेला पहिली बैठक तांड्यावर झाली. आराखडा अजून झालेला नाही, चार पानं झाली आहेत. चराईचा विषय तीन वेळा पुढं ढकलला. पण त्या चार पानांत काय आहे ते गावातलं कोणतंही पोर सांगू शकतं.

इथून घरी गेल्यावर एकच काम करा. या पंधरवड्यात शिव फिरायचा दिवस ठरवा आणि तो तांड्यालाही कळवा.

आमचं जंगल, आमचा गाव, आराखडाही आमचाच! जोहार!