पुढच्या चाकाचा नट का सुटतो?

सायकलच्या दुकानात जरा वेळ बाकावर बसून राहिलं, की एक तक्रार हमखास कानावर येते. "काका, पुढचं चाक डुगडुगतंय." काका पाना उचलतात, दोन्ही बाजूंचे नट आवळतात, बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत. थोड्या दिवसांनी तीच सायकल, तीच तक्रार. आता काका जास्त जोर लावतात. त्याच्या पुढच्या खेपेला पान्यावर पाय देतात आणि नटाचे आटे जातात. नवा नट येतो, तोही सुटतो. या सगळ्यात नट सुटतो का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

मागच्या चाकाचा नट सैल झाला तर सायकल स्वतःच बोंब मारते. साखळी चाकाला ओढते, चाक तिरकं होतं, टायर चौकटीला घासतो आणि उतरून बघावंच लागतं. पुढच्या चाकाचं तसं नाही. तुमचं वजन वरून चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर येतं आणि एक्सल खाचेत दाबून ठेवतं. नट अगदी बोटानं फिरेल इतका सैल असला, तरी सपाट रस्त्यावर सायकल मुकाट चालते. आणि मग एखाद्या गतिरोधकावर किंवा खड्ड्यात पुढचं चाक क्षणभर हवेत उचललं जातं, एक्सल खाचेतून खाली घसरतो आणि चिमट्याची टोकं रस्त्यात रुततात. पडणारा तोंडावर पडतो. म्हणून पुढच्या नटाला मागच्यापेक्षा जास्त मान द्यावा, असं माझं मत आहे.

आता नट पकड धरतो ती कशी? आपल्याला वाटतं, आटे एकमेकांत अडकले म्हणजे झालं. तसं नाही. नट आवळताना आपण एक्सलच्या टोकाचा एवढासा तुकडा ओढून ताणतो. तो परत आखडायला बघतो आणि त्या आखडण्यानं चिमट्याची खाच नट आणि आतला लॉकनट यांच्यामध्ये दाबली जाते. सगळी पकड या ताणाची. पण हा ताण आहे तरी केवढा? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, फार तर दोन-तीन शतांशांचा. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. शिवाय पान्यावर आपण जो जोर लावतो त्याचा साधारण दहावाच भाग या ताणात उतरतो. बाकीचा आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणात खर्च होतो. तेव्हा "घाम येईपर्यंत आवळला" म्हणजे घट्ट बसला, असं समजू नये. गंजलेला नट घाम काढतो आणि पकड धरत नाही.

मग करायचं काय? घरात नेलपॉलिशची बाटली असेल तर ती घ्या. नट नीट आवळून झाला की चिमट्यावरून सुरू करून वायसर, नट आणि थेट एक्सलच्या उघड्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढा. दुसऱ्या बाजूलाही तशीच. वाळू द्या आणि नेहमीसारखी सायकल चालवा. पुन्हा सैल वाटलं की पाना लावायच्या आधी ती रेघ वाचा. कारखान्यांत महत्त्वाच्या नटांवर अशी रंगाची रेघ मारतात ती याच कामासाठी. दोषाचा माग काढायला मला याहून स्वस्त उपाय माहीत नाही.

पहिली शक्यता अशी, की रेघ जिथल्या तिथे आहे, कुठेच तुटलेली नाही, तरी नट सैल आहे. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण तंबोऱ्याला नवी तार लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. खुंटी तसूभर फिरलेली नसते आणि तरी तार उतरते. इथेही नट फिरलेला नाही, मधलं काहीतरी बसलं आहे. बहुतेकदा ते काहीतरी म्हणजे रंग. चिमट्याच्या टोकावर कारखान्यात चढवलेला रंगाचा थर आपल्या त्या दोन-तीन शतांशांच्या ताणापेक्षा सहज जाड असतो. नटाखाली तो हळूहळू चिरडला जातो आणि तेवढ्यानं सगळा ताण निघून जातो. नव्या सायकलीला म्हणूनच हा त्रास जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ सायकली लुधियानाहून सुट्या भागांत येतात आणि गावातल्या दुकानात जोडल्या जातात. जोडणाऱ्यानं नट आवळून दिला की काम संपलं असं आपण धरून चालतो. खरं तर पहिल्या आठवड्यात तो पुन्हा आवळायलाच हवा. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या कितीतरी मुली रोज शाळेला सायकलनं जातात. त्यांच्या पालकांनी हे एवढं एक ध्यानात ठेवलं तरी आजच्या बोलण्याचं काम झालं.

रंगाखेरीज आणखी एक गोष्ट मध्ये येते. मडगार्डच्या तारा, टोपलीची पट्टी, कॅरिअरचा पाय, कधी डायनामोची क्लिप. आपण सगळं त्या एकाच एक्सलवर ओवतो! या पत्र्याच्या पट्ट्या सपाट नसतात, मऊ असतात, आणि प्रत्येक जोडावर थोडं थोडं बसत जाण्याला वाव मिळतो. चिमट्याच्या टोकाला मडगार्डसाठी वेगळं भोक असेल तर मडगार्डच्या तारा तिथे छोट्या स्क्रूनं लावाव्यात. भोक नसेल तर निदान क्रम तरी बरोबर असावा. आत लॉकनट, मग चिमटा, मग तार किंवा पट्टी, मग वायसर, सर्वांत बाहेर नट. वायसर चिमट्याच्या आतल्या बाजूला घातलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि नट बसतो तेवढ्या वर्तुळातला रंग पॉलिश पेपरनं घासून काढा, धातूला धातू लागू द्या. उघड्या लोखंडावर गंज चढू नये म्हणून बाहेरून ग्रीसचं बोट फिरवलं की झालं.

दुसरी शक्यता जास्त मजेची आहे. चिमटा आणि नट यांच्यावरची रेघ जुळलेली आहे, पण एक्सलच्या टोकावरचा ठिपका पुढे सरकला आहे. म्हणजे नट जागचा हलला नाही, त्याच्या पोटातला एक्सल फिरला. एक्सलनं खरं म्हणजे कधीच फिरू नये. फिरायचं ते हबनं, छर्‍यांवरून. पण एक्सलवरचे, छर्रे वाटीत दाबून धरणारे कोन फार घट्ट बसवले असतील, किंवा ग्रीस सुकून छर्रे वाटीत अडकत असतील, तर चाक एक्सललाही आपल्याबरोबर ओढून न्यायला बघतं. आधीच पकड जेमतेम असेल तर ते त्याला साधतं. आता दिशा बघा. उजवीकडून पाहिलं तर पुढे जाणाऱ्या सायकलचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. एक्सल तसा फिरला आणि नट थांबून राहिला, तर नट उलटा फिरवल्यासारखंच झालं. म्हणजे उजवा नट सुटतो आणि डावा उलट आवळला जातो. "नेहमी उजवाच सैल होतो" असं कुणी सांगितलं, की नटाकडे न बघता हब उघडून पाहावा.

याची परीक्षा सोपी आहे. चाक काढून हातात धरा, एक्सलचं टोक दोन बोटांत पकडून फिरवा. तो सरसर, कुठेही न अडखळता फिरायला हवा, आणि हलवून पाहिला तर खडखडायला नको. अडखळत असेल तर छर्रे आणि वाटी रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस भरून कोन पुन्हा लावून घ्या. खड्डे पडलेले कोन घासून वापरू नयेत, ते बदलण्याइतके स्वस्त आहेत. कोन लागला की लॉकनट त्याच्यावर आवळताना कोन पातळ पान्यानं धरून ठेवायला लागतो. घाईत हे राहून जातं, लॉकनटाबरोबर कोनही फिरतो आणि बेअरिंग पुन्हा जाम.

राहिली तिसरी शक्यता. नट खरोखरच उलटा फिरला आहे. इथे पुष्कळ जण स्प्रिंग वायसर घालतात आणि निश्चिंत होतात. गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं 1969 साली दाखवून दिलं, की नट सुटतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यामुळे. जोडलेले भाग एकमेकांवर पुढेमागे घसरत राहिले की आट्यांची पकड क्षणोक्षणी ढिली पडते आणि नट आपोआप उलगडत जातो. त्याच्या चाचणी-यंत्रासारख्या यंत्रावर तपासलेल्या साध्या स्प्रिंग वायसरची कामगिरी फार काही आशा वाटावी अशी नाही. तेव्हा भाग घसरतात का, हे बघायचं.

नट काढून वायसर उजेडात धरा. घासल्याची चमक सगळ्या गोलावर असेल तर ठीक. अर्ध्याच भागावर असेल तर नट एका कडेवर उभा आहे. चिमट्याची दोन टोकं समांतर नाहीत, कधीतरी सायकल पडून वाकली असतील, किंवा एक्सलच वाकलाय. चांगला मिस्त्री टोकं सरळ करून देतो. डिस्क ब्रेकच्या सायकलीवर डावा नट सुटत असेल तर आणखी एक संशय घ्या. ब्रेकचा पकडभाग चिमट्याच्या मागच्या बाजूला असतो, तिथे तबकडी वर चाललेली असते, आणि पॅड तिला खाली दाबतात. हा जोर एक्सलला खाचेतून बाहेर ढकलणारा आहे. प्रत्येक ब्रेकला थोडं थोडं. अशा सायकलीवर चिमट्याच्या टोकाला पुढे आलेला ओठ असतो, किंवा आकडा असलेला वायसर मिळतो. हा ओठ अडचणीचा वाटतो म्हणून घासून काढणारे महाभाग आहेत. त्यांच्या हाती कानस देऊ नये.

आणि हार्डवेअरच्या दुकानातला नट? जुन्या इंग्रजी मापाच्या सायकलीचा पुढचा एक्सल 5/16 इंची, इंचाला 26 आट्यांचा. म्हणजे एक आटा जेमतेम एक मिलिमीटरचा. आठ मिलिमीटरच्या साध्या नटाचा आटा सव्वा मिलिमीटरचा. जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे तो एक-दोन फेरे चढतो, मग अडतो, मग आपण जोर करतो. एवढ्यानं दोन्हीकडचे आटे खलास. नट सायकलच्याच दुकानातून घ्या, आणि बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल तर तो तुमचा नव्हे.

आवळताना सायकल चाकावर उभी असावी, उलटी टाकलेली नसावी, म्हणजे एक्सल खाचेच्या टोकाला आपोआप टेकतो. आट्यांना तेलाचा थेंब द्या. तेलानं नट सुटतो हा समज आहे, उलट त्यानं जोर ताणात उतरतो. एकदा डावा थोडा, एकदा उजवा थोडा, असं करत शेवटी वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण दहा-बारा किलोचा जोर. पुढच्या नटाला वीस ते पंचवीस न्यूटन-मीटर सांगतात, ते इतकंच. सायकलसोबत मिळणारा भोकाभोकांचा छोटा पाना याला अपुरा पडतो, आणि त्यावर पाय देणं हा काही उपाय नव्हे.

एवढं करूनही नट सुटत असेल, तर चिमट्याच्या टोकाशी, खाचेच्या कोपऱ्यात रंगाला बारीक चीर गेली आहे का ते बघा. गेली असेल आणि नखानं खरवडून ती धातूतही दिसली, तर त्यावर वेल्डिंग करून घेऊ नका. चिमटा बदला, आणि बदलेपर्यंत सायकल हातात धरून न्या.