लहान मुलाचा डोळा आणि मोठ्यांचा वेग



आम्ही सातवीपर्यंत शिकलो. पुढची शाळा कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात झाली. अशा माणसाने डोळ्यांच्या शास्त्रावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. पण या विषयाकडे आम्हांला एका अपघाताने आणले. आमच्या वस्तीतला आठ वर्षांचा मुलगा रस्ता ओलांडताना मोटारसायकलखाली सापडला आणि पायाने अधू झाला. कागदावर ओळ पडली, 'मुलगा अचानक आडवा आला.' मुलगा मात्र सांगत होता, "गाडी मला दिसली होती, पण ती लांब उभी होती." धावती गाडी उभी कशी दिसेल? लोक म्हणाले, पोर खोटे बोलते. आम्ही शोध घेऊ लागलो.

गती पाहणे ही जन्मतः पूर्ण मिळालेली शक्ती नव्हे. तान्ह्या मुलापुढून ठळक पट्ट्यांचे कापड सरकवले, तर त्याचे डोळे त्यामागे ओढले जातात. पण वस्तू कोणत्या दिशेने चालली हे ओळखण्याची मेंदूची शक्ती साधारण दुसऱ्या महिन्यात जागी होते. तेथून ती वर्षानुवर्षे पिकत जाते. आपल्याच रोखाने येणाऱ्या वस्तूचा अंदाज तर शाळेच्या वयातही कच्चा असतो.

याचे कारण समजून घेऊ. समोरून येणारी गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही. तिचे डोळ्यातले चित्र फक्त मोठे होत जाते. ती वाढ हीच गतीची खूण. आता दोन गाड्या धरा, दोन्ही आपल्यापासून 5 सेकंदांवर. ताशी 30 किलोमीटरची गाडी सुमारे 42 मीटरवर असेल, ताशी 60 ची 83 मीटरवर. दूरच्या गाडीचे चित्र लहान, आणि ते वाढतेही निम्म्याच वेगाने. म्हणजे जी अधिक घातक, तीच अधिक स्थिर भासते! मोटारसायकल अरुंद, तिचे चित्र त्याहून लहान.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील जॉन वॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची हीच परीक्षा घेतली. 2011 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ताशी 32 किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी गाडी जवळ येत आहे, हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना कळेलच असा भरवसा नाही. आमचा मुलगा खोटे बोलत नव्हता, मंडळी. त्याने जे पाहिले तेच सांगितले.

कारखान्यात बोट तुटले की पूर्वी 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहून मोकळे होत. 1948 च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्राला गार्ड बसवण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. कामगाराने सावध राहावेच. पण त्याच्या सावधपणावर यंत्र उघडे ठेवता येत नाही. मग आठ वर्षांच्या डोळ्यांवर रस्ता उघडा कसा ठेवायचा? मुलाला 'नीट बघून जा' म्हणावे, अवश्य म्हणावे. पण जे त्याला दिसू शकत नाही ते तो बघणार कसे?

2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. आपल्या गावातल्या प्रत्येक शाळेपुढे ती पाळली जावी, यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करू. सह्या आम्ही गोळा करतो. मात्र आज घरी परतताना गाडीची मूठ आपल्याच हाती आहे. ती थोडी सैल सोडा, एवढीच विनंती.